वाखरीची शिरगणती

वाचक माउलीहो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘खानेसुमारी’ हा शब्द असे. सगळ्या देशाची एकाच दिवशी मोजदाद करण्याचा पहिला प्रयत्न झाला तो १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. त्या काळी मोजणीसाठी रात्र निवडताना दोन गोष्टी पाहत. चांदणे असावे, म्हणजे मोजणाऱ्याला घरे दिसतील. आणि जवळपास मोठी यात्रा-जत्रा नसावी, म्हणजे माणसे आपापल्या घरी सापडतील. पुढेही ही मोजणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारासच होत आली.

मोजणाऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. पण आता पंढरपूर तालुक्यातले वाखरी गाव डोळ्यांपुढे आणा. आषाढीच्या आधी संतांच्या पालख्या इथे एकत्र येतात आणि दशमीला इथून पंढरीत शिरतात. जनगणनेच्या तक्त्यात वाखरी हे एक खेडे आहे. घरे किती, माणसे किती, पक्की सडक आहे का, एसटी थांबते का, अशी त्याची नोंद. आषाढातल्या त्या मुक्कामाला मात्र हेच गाव लाखोंचे होते. ती रात्र कोणत्याही तक्त्यात नाही.

या गावाकडे येण्याची वाटही पिढ्यांबरोबर बदलली. आधी पाऊलवाट आणि गाडीवाट. मग मोठी आगगाडी आली, तेव्हा लांबचा वारकरी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरे आणि पुढे पायी किंवा बैलगाडीने पंढरी गाठे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली आणि १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरला पोहोचला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली. पुढे तिने खेडोपाडी वारी सोपी केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि आता वाखरीच्या वाटेवर रुंद सडक आहे.

माउली, यातली गंमत पाहा. आगगाडी आली, एसटी आली, घरोघरी मोटारी आल्या. तरी पायी चालणारे कमी झाले नाहीत. उलट सोपी वाहने झाल्यामुळे ज्यांना पूर्ण वाट चालता येत नाही तेही चार मुक्काम चालायला येऊ लागले. वाहनाने वारी संपवली नाही, वाढवली. म्हणजे वाखरीवरचा भारही वाढला.

विचार करायचा तो इथेच. गावची विहीर, नळ, गटार, शौचालय हे सारे राहणाऱ्यांच्या आकड्यावर बेतलेले असते. गावाला मिळणारा निधीही बराचसा त्याच आकड्यावर ठरतो. वारीत टँकर येतात, फिरती शौचालये येतात, सेवेकरी राबतात. पण पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेला चिखल, पत्रावळ्या, प्लास्टिक आणि तुडवलेले रान हे त्या थोड्या घरांच्या वाट्याला येते. तीच घरे पुढच्या वर्षी पुन्हा ओसरी मोकळी करून देतात, तांब्याभर पाणी पुढे करतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ साली व्हायची आहे. तीही आषाढ टाळूनच होणार. वाखरीचे त्या रात्रीचे माणूस कोणी मोजणार नाही, तेव्हा ते आपणच मोजावे. मुक्कामाला टेकताना मनाशी म्हणावे, आज रात्री मी या गावचा रहिवासी आहे. रहिवासी आपल्या आडाजवळ घाण करीत नाही, आपल्याच शेजाऱ्याच्या बांधावर कचरा टाकत नाही. आणि हे एकट्या वाखरीचे नाही. सासवड, लोणंद, नातेपुते, भंडीशेगाव, जिथे जिथे आपली पथारी पडेल तिथे एका रात्रीपुरते आपले नाव त्या गावच्या पटावर चढते. ते नाव राखून पुढे चालावे.

रामकृष्ण हरी.