गुन्हे-अन्वेषणाचे विद्यापीठीय शिक्षण (वाशिम जिल्हा)

गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सेवेतील पोलीस अधिकाऱ्यांस द्यावयाचे पदवी-दर्जाचे शिक्षण. पोलीस-प्रशिक्षणात कवायत, शिस्त व कायद्याची कलमे यांवर भर असतो. विद्यापीठीय शिक्षणात पुरावा कशाने विश्वसनीय ठरतो, याचा शास्त्रीय विचार अभिप्रेत असतो. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविला व 2023 च्या नव्या अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. त्यामुळे ठसे, रक्ताचे डाग, हस्ताक्षर यांसारख्या भौतिक पुराव्यास महत्त्व येते आणि तपासी अधिकाऱ्यास त्याचे ज्ञान आवश्यक ठरते.

या विषयाचा शास्त्रीय पाया ऑस्ट्रियातील न्यायदंडाधिकारी हान्स ग्रोस यांच्या 1893 मधील ग्रंथाने घातला. भारतीय परिस्थितीस अनुसरून केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर 1906 मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले. लोझान विद्यापीठात 1909 मध्ये आर्. ए. राइस यांनी न्यायसहायक विज्ञानाची संस्था स्थापिली, तर अमेरिकेत बर्कलीचे पोलीस-प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या प्रयत्नाने 1916 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी अभ्यासवर्ग सुरू झाले.

वाशिम हा त्या काळी वऱ्हाडचा भाग होता. 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला आणि 1905 मध्ये जुना वाशिम जिल्हा मोडून त्याचा बराच भाग अकोला जिल्ह्यात गेला. मध्य प्रांताचे माजी मुख्य आयुक्त अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने (1902–03) प्रशिक्षणशाळा व प्रांतिक गुन्हे-अन्वेषण विभाग यांची शिफारस केली. तीनुसार 1906 मध्ये सागर येथे प्रांताची पोलीस-प्रशिक्षणशाळा निघाली. पुढे त्याच शहरी, दंडसंहितेचे भाष्यकार हरिसिंह गौर यांच्या देणगीतून 1946 मध्ये सागर विद्यापीठ स्थापन झाले. 1959 मध्ये तेथे गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान हा विभाग सुरू झाला. भारतातील विद्यापीठांत तो पहिला होय. तथापि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले होते. ज्या शहराशी वाशिमच्या पोलिसांचा पन्नास वर्षे प्रांतिक संबंध होता, तेथे पदवीचा विषय आला तेव्हा ते शहर परराज्यात गेलेले होते.

त्यानंतर वाशिमच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नाशिककडे वळले. तेथील शाळा मुळात 1906 मध्ये पुण्याजवळ भांबुर्डे येथे निघून 1909 मध्ये नाशिकला हलली होती. समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1973 च्या अहवालात पोलीस-प्रशिक्षणाचा समग्र विचार करून सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासास स्थान दिले. 1983 मध्ये अमरावती येथे विद्यापीठ झाले. 1989 मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी न सोडता पदवी घेण्याची सोय झाली. वाशिम 1 जुलै 1998 रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा बनला.

मुख्य अडचण अंतराची नसून वेळेची आहे. नियमित अभ्यासक्रमास वर्गातील उपस्थिती लागते; ठाण्यातील अधिकाऱ्यास मात्र तपासाबरोबरच बंदोबस्त, न्यायालयीन हजेरी व रात्रगस्त सांभाळावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ञाने घटनास्थळास भेट द्यावयाची आहे. ही तरतूद अंमलात आणण्यासाठी राज्यांस पाच वर्षांची मुदत आहे. परंतु तज्ञ येईपर्यंत घटनास्थळ राखणारा पोलीस अधिकारीच असतो. त्याने अजाणता पुसलेला ठसा कोणत्याही प्रयोगशाळेस परत मिळत नाही. त्यामुळे दोषी सुटण्याचा आणि निर्दोष गोवला जाण्याचा असा दुहेरी धोका संभवतो. म्हणूनच हे शिक्षण बढतीचे साधन न मानता सेवाकाळातील रजा व सवलती देऊन तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.