रस्त्याचे गावकूस

गावकुसाचा अर्थ आपल्याला शब्दकोशात शोधावा लागत नाही. गाव आत आणि आपण बाहेर, ही मांडणी आपल्या पिढ्यांनी अंगावर वागवली आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हीच विषमता उलट्या दिशेने उभी राहिली. तिथे गावच उठून बाहेर गेले आणि जुन्या शहरात मागे ठेवला गेला तो काळा माणूस. या गावकुसाला दगडमातीची भिंत नव्हती. अंतर हीच भिंत होती, आणि तिच्यातून जाण्याचा एकमेव दरवाजा म्हणजे मोटार.

गोऱ्यांना मोकळी हवा आवडली म्हणून उपनगरे वाढली, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने घरकर्जांना सरकारी हमी दिली. पण ही हमी गोऱ्यांच्या नव्या वसाहतींना मिळाली. काळ्यांच्या वस्त्या 'धोक्याच्या' ठरल्या. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले, त्यांत या वस्त्यांच्या वाट्याला लाल रंग आला. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन उभे राहिले. तेथील सुरुवातीच्या भाडेकराराची अट अशी होती की, गोरा नसलेल्याने घर वापरायचे नाही. घरगडी म्हणून राहिला तर चालेल! पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली पहिले काळे कुटुंब राहायला आले, तेव्हा त्यांच्या घरावर दगड पडले. आपल्याला यात नवे ते काय?

भिंत झाली; आता दरवाजा हवा होता. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे जाळे मंजूर केले. त्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. उपनगरातला साहेब सकाळी शहरातल्या कचेरीत आणि संध्याकाळी घरी पोचला पाहिजे, तर रस्ता कुठून न्यायचा? जिथे जमीन स्वस्त आणि विरोध दुबळा, तिथून. डेट्रॉईटमधील हेस्टिंग्ज स्ट्रीट ही काळ्यांची बाजारपेठ होती. दुकाने, संगीत, सारे तिथेच. ती महामार्गाखाली गेली. सेंट पॉल शहरातील रोंडो वस्ती अशीच मधोमध चिरली गेली. ज्यांच्या दाराशी मोटार नव्हती, त्यांचेच दार मोटारीसाठी पाडले गेले.

ओकलंडचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, ते ब्लॅक पँथर १९६६ मध्ये याच शहरात जन्मले. तिथल्या वेस्ट ओकलंड या काळ्यांच्या वस्तीवरून १९५७ मध्ये दुमजली सायप्रस महामार्ग गेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. पँथर म्हटले की आपल्याला बंदूक आठवते; पण त्यांच्या पहिल्या लढ्यांपैकी एक होता रस्त्यावरच्या सिग्नलचा. ५५ वा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या चौकात शाळेची मुले मोटारींखाली सापडत. पँथर स्वतः रस्त्यात उभे राहून मुलांना पलीकडे नेऊ लागले. १९६७ मध्ये तिथे सिग्नल बसला. १९८९ च्या भूकंपात सायप्रसचा वरचा मजला कोसळून ४२ माणसे मेली. तेव्हा वस्तीने ठणकावले, 'हा रस्ता पुन्हा आमच्या छातीवर नको.' महामार्ग वळवावा लागला. जुन्या जागी आज मंडेलांच्या नावाचा रस्ता आहे.

पण दुसरी किंमत भूकंपाइतकी दिसत नाही. ती रोज थोडी थोडी वसूल होते. घरांच्या मागोमाग कारखाने आणि दुकाने उपनगरात गेली. बस मात्र गेली नाही. १९६५ च्या वॉट्स उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगानेही अपुऱ्या बससेवेची नोंद घेतली. १९७१ मध्ये अटलांटाभोवतीच्या क्लेटन आणि ग्विनेट परगण्यांनी सार्वजनिक वाहतूक मतदानाने नाकारली. बफेलोजवळच्या एका भव्य बाजारसंकुलाच्या आवारात शहरातली बस येऊ दिली जात नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये तिथे कामाला जाणारी १७ वर्षांची काळी मुलगी, एका लेकराची आई, बसमधून उतरून सात पदरी रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडली आणि पुढे त्यातच मेली. याला अपघात म्हणायचे? २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा 'शहर सोडा' हा हुकूम मोटारवाल्यांना पाळता आला. सुमारे चौथ्या हिश्शाच्या घरांत मोटारच नव्हती.

१९६८ च्या कायद्याने घरे देण्यातला वर्णभेद बेकायदेशीर ठरला. आपल्याकडे १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र झाले, तरी वस्ती गावाबाहेरच राहिली. कायदा माणसाच्या वागण्याला हात घालतो; जमिनीवर आखून ठेवलेले अंतर त्याने आपोआप मिटत नाही. म्हणून रस्त्याचा नकाशा हा केवळ इंजिनिअरचा कागद मानू नये. तो कुणासाठी जवळ येतो, कुणाला दूर करतो आणि कुणाच्या घरावरून जातो, हे तीन प्रश्न चळवळीने विचारलेच पाहिजेत. आणि तेही रस्ता खणायच्या आधी.