बाहेरकाठ्याचा खर्च : पेण-रोह्याच्या खारभूमीतील आपत्तीपूर्व निधीचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील सखल भाताची जमीन मुळात खाडीची आहे. पाताळगंगा, भोगावती आणि अंबा या नद्यांचे पाणी धरमतरच्या खाडीत उतरते, रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते, आणि या खाड्यांच्या काठची खाजणे, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या चिखलाच्या जमिनी, पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून पिकाखाली आणली गेली. अशा बंदिस्त केलेल्या जमिनीला खार म्हणतात आणि पेण, अलिबाग बाजूच्या या साऱ्या पट्ट्याला खारेपाट. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, खाडीचे पाणी येथील शेताच्या पातळीच्या वर चढते, त्यामुळे बांध उभा आहे तोवरच शेत शेत राहते. आपत्तीपूर्व नियोजन हा शब्द सरकारी कागदांत अलीकडे आला असला, तरी ज्या प्रदेशात दर पंधरवड्याला समुद्र दाराशी येतो तेथे त्याची तजवीक ही जुनी गोष्ट आहे. आणि त्या तजविजीचा पैसा कोणी, केव्हा आणि कोणत्या हक्काने उभा करायचा, हा येथील महसुली इतिहासाचा कायमचा वाद राहिला आहे.

हा खर्च समजून घेण्यासाठी बांधाची रचना पाहणे आवश्यक आहे. खाडीच्या अंगाचा जो मुख्य बांध लाटा आणि उधाण झेलतो तो बाहेरकाठा, आणि त्याच्या आत शेतांचे गट वेगळे करणारे लहान बांध तो आंतरकाठा. बाहेरकाठ्यात ठिकठिकाणी उघाडी बसवलेली असते. ओहोटीला तिची झडप बाहेरच्या बाजूस उघडून पावसाचे गोडे पाणी खाडीत जाते आणि भरती चढू लागली की त्याच पाण्याच्या दाबाने ती मिटते. बांध चिकण मातीचा असल्याने उन्हाळ्यात तो तडकतो, खेकडे त्याला आरपार भोके पाडतात, पावसाळ्यात माथा धुपून खचतो. यांपैकी एकही गोष्ट आपत्ती नव्हे. परंतु त्या वेळीच दुरुस्त झाल्या नाहीत, तर एखाद्या उधाणाला पाणी बारीक भोकातून वाट काढते, काही तासांत तेथे खांड पडते, आणि मग प्रत्येक भरती-ओहोटीला ती खांड रुंद व खोल होत जाते. ती बुजवायची तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या लहान भरतीच्या काळातच बुजवावी लागते, कारण पुढचे उधाण ओली कच्ची माती तेथे ठरू देत नाही. हे साधले नाही तर शेत खारावते, आणि एकदा खारावलेली जमीन पुढच्या बांधबंदिस्तीनंतरही लगेच पिकत नाही. काही पावसाळ्यांनी मीठ धुऊन जावे लागते. म्हणूनच खारेपाटात वेळेवर पडलेल्या चार पाट्या मातीचे मोल नंतरच्या मोठ्या भरपाईपेक्षा अधिक आहे.

या अर्थकारणाची जाण जुन्या व्यवस्थेत होती. पेण तालुका, जो इंग्रजी अमदानीत बराच काळ सांकशी या किल्ल्याच्या नावाने ओळखला जाई, तेथे शिलोत्री नावाची जमीनधारणेची पद्धत रूढ होती. ज्या ऐपतदार घराण्यांनी स्वतःच्या भांडवलावर खाजण बांधून काढले त्यांना शिलोत्रीदार म्हणत. बाहेरकाठा शाबूत ठेवण्याची जबाबदारी त्यांची, आंतरकाठ्याची जबाबदारी कसणाऱ्यांची, आणि बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यावर बसवलेले धान्य वसूल होई, त्याला शिलोत्री मण म्हणत. या धान्याचे वैशिष्ट्य असे की ते नुकसान झाल्यावर गोळा होत नसे. सुगी झाली की ते जमा होई, आणि त्यानंतरचे कोरडे महिने बांधाच्या कामाचे असत. पीक, वसुली आणि दुरुस्ती यांचा क्रम समुद्राच्या आणि पावसाच्या वेळापत्रकाशी जुळलेला होता.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. शिलोत्रीदाराचा हक्क हळूहळू वंशपरंपरागत उत्पन्न बनला, बांधाकडे दुर्लक्ष झाले तरी मण चुकला नाही, आणि खोती व सावकारी यांच्या जोडीने तो कुळांच्या गळ्यातील आणखी एक फास ठरला. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ शेतकरी संप झाला, तो याच खारेपाटाच्या कुळांचा होता. संरक्षणासाठी घेतलेल्या पैशाचा हिशोब ज्याच्याकडून घेतला त्याला मिळाला नाही, तर निधी कोणत्याही नावाचा असो, त्याची खंडणी होते, हे या भागाने फार आधी अनुभवले.

इंग्रजी राजवटीने या व्यवस्थेत दोन उपायांची भर घातली. पीक बुडाल्यास साऱ्यात सूट किंवा तहकुबी देणे हा पहिला. तो सर्वस्वी नुकसानीनंतरचा होता. दुसरा उपाय तगाईचा, म्हणजे शेतीसाठी सरकारने दिलेल्या कर्जाचा. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्यात ज्या कामांसाठी तगाई मिळू शके त्यांत पाण्याखालची जमीन उठवणे आणि पुरापासून व धुपीपासून शेतजमिनीचे रक्षण करणे यांचा स्पष्ट समावेश होता, तर पुढच्याच वर्षीचा शेतकी कर्ज कायदा बी-बियाणे, गुरे आणि संकटकाळची निकड यांच्यासाठी होता. पूर्वतयारी आणि मदत यांसाठी दोन वेगळे कायदे करण्याइतकी स्पष्टता १८८० च्या दशकातील अधिकाऱ्यांना होती, याची नोंद घेतली पाहिजे. पण दोन्ही मार्गांनी मिळत होते ते कर्ज. तारण देऊ शकणाऱ्यालाच ते मिळे, आणि बाहेरकाठा तर कोणा एका कुळाच्या मालकीचा नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत जुनी चौकट पूर्णपणे मोडली. कुळकायदा १९४८ चा, खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, आणि खास या जिल्ह्यासाठी केलेला मुंबई शिलोत्री हक्क (कुलाबा जिल्हा) निर्मूलन अधिनियम १९५५ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन मानून कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. ही क्रांती न्याय्य होती आणि तिच्यासाठी या भागातील माणसांनी मोठी किंमत मोजली होती. परंतु शिलोत्रीदार गेला तेव्हा मण गेला आणि मणाबरोबर बाहेरकाठ्याची ठरलेली तरतूदही गेली. दोन-चार गुंठ्यांचा नवा मालक आपल्या शेताचा बांध घालू शके. मैलोन्‌मैल लांबीचा खाडीबांध राखणे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

ही पोकळी सरकारला अगदीच दिसली नव्हती असे नाही. १९४८ मध्येच मुंबई खारजमीन अधिनियम होऊन त्याखाली खारजमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने बांध बांधण्याचे व राखण्याचे काम शासनाने करावे आणि लाभधारकांकडून उपकर घ्यावा अशी दिशा ठरली. पेण येथे खारभूमी विकासाचे विभागीय कार्यालय आहे, यावरून या तालुक्याचे महत्त्व कळते. तरीही सर्व बांध शासकीय योजनेत आले नाहीत. काही शासकीय आणि काही खाजगी अशी विभागणी राहिली, आणि एकाच खाडीकाठी लागून असलेल्या दोन बांधांपैकी एकाच्या दुरुस्तीला अंदाजपत्रक व दुसऱ्याला गावकीची वर्गणी, असे चित्र तयार झाले. पाणी अशी विभागणी मानत नाही. खाजगी बांधाच्या खांडीतून शिरलेले पाणी शासकीय योजनेतील शेतापर्यंत सहज पोचते.

याच काळात दिल्लीत आपत्तीच्या पैशाची एक वेगळी परंपरा आकार घेत होती. रोह्याशी घरचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना, १९५१ मध्ये, पहिला वित्त आयोग नेमला गेला. केंद्र आणि राज्ये यांच्यात महसुलाची वाटणी कशी व्हावी याची शिफारस दर पाच वर्षांनी करणारी ही घटनात्मक संस्था होय. दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांच्या अंदाजपत्रकांत नैसर्गिक संकटांसाठी काही रक्कम राखून ठेवण्याची पद्धत सुरू केली, आणि नवव्या आयोगाच्या शिफारशीने १९९० पासून आपत्ती निवारण निधी उभा राहिला, ज्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा होता. अनुदानाची अनिश्चितता संपली हे यातले मोठे यश. मात्र निधीच्या नावातच निवारण होते, आणि तो खर्च व्हायचा तो संकट येऊन गेल्यावर.

तो निधी सुरू होण्याच्या आसपासच रोहा तालुक्याने दोन वेगळ्या जातींची संकटे पाहिली. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने वरच्या अंगाला सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि खाली नागोठण्यात पाणी भरले. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्याच गॅस क्रॅकर संकुलात भीषण स्फोट झाला. दीड वर्षाच्या आत एकाच गावाच्या परिसरात नदी आणि कारखाना या दोन्हींचा कोप झाला, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे रासायनिक अपघाताची धास्ती रोह्याला आधीपासून होतीच. भोपाळनंतर बदललेला कारखाने कायदा आणि १९९६ चे रासायनिक अपघातविषयक नियम यांनी कारखान्यांना व जिल्हा प्रशासनाला आणीबाणीचा आराखडा बंधनकारक केला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर राज्याने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे करण्यास प्रारंभ केला. आराखडे होऊ लागले. त्यांतील कामांसाठी स्वतंत्र पैसा मात्र नव्हता.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रायगड जिल्ह्यात, विशेषतः महाडच्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्याच वर्षअखेर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संसदेने मंजूर केला. त्यातील कलम ३१ जिल्ह्याच्या आराखड्याविषयी आहे, आणि कलमे ४७ व ४८ यांत संकटानंतरच्या मदतीसाठी असलेल्या प्रतिसाद निधीहून वेगळ्या अशा सौम्यीकरण निधीची तरतूद आहे. सौम्यीकरण म्हणजे संकट येण्यापूर्वीच त्याची धार कमी करणारी कामे. कायदा २००५ चा, पण राष्ट्रीय सौम्यीकरण निधी प्रत्यक्षात अधिसूचित झाला तो २०२१ मध्ये. मधली सोळा वर्षे आराखडा लिहिण्याची सक्ती होती आणि तो अमलात आणण्याच्या पैशाचे कलम निजून होते. या विलंबाची किंमत ज्या प्रदेशांनी मोजली त्यांत कोकण अग्रभागी आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्तीच्या एकूण निधीतील २० टक्के सौम्यीकरणासाठी राखले, आणि उरलेल्या ८० पैकी ४० प्रतिसाद व मदतीला, ३० पुनर्बांधणीला आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीला दिले. एवढी स्पष्ट विभागणी प्रथमच झाली. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते, आणि बागायतीच्या नुकसानीसाठी राज्याने हेक्टरी ५०,००० रुपये अशी वाढीव मदत दिली होती; जागतिक बँकेच्या साहाय्याच्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून खारबांधांची कामेही हाती घेतली गेली होती, ज्यांत पेणमधील नारवेल-बेनवले योजना येते. जुलै २०२१ मध्ये महाडच्या तळीये येथे दरड कोसळल्यानंतर राज्य शासनाने कोकणासाठी सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा आपत्ती सौम्यीकरण कार्यक्रम आखला आणि भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रे यांच्या बरोबरीने खारबंधाऱ्यांनाही त्यात स्थान दिले.

तरीही बांधाच्या दृष्टीने काही गाठी सुटलेल्या नाहीत. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, भूकंप, दरड आहेत; उधाण नाही. समुद्राचे उधाण ही आपत्ती महाराष्ट्राने राज्याच्या यादीत घातली आहे, पण अशा राज्यविशिष्ट संकटांसाठी प्रतिसाद निधीच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. दुसरी गाठ वेळेची. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा या पायऱ्या चढेपर्यंत मृग लागतो, आणि पावसाळ्यात खाडीबांधावर मातीकाम करता येत नाही. धान्याच्या रूपाने सुगीला जमणारा मण कामाच्या हंगामाआधी हाती असे. अनुदानाचा पैसा अनेकदा हंगाम संपल्यावर येतो. ज्या खांडीला एका भांगाच्या अवधीत माती हवी तिला मंजुरीसाठी वर्ष थांबवणे म्हणजे ती खांड रुंदावण्याची हमी देणे होय.

या विलंबाला अलीकडे एक कायदेशीर परिणामही जडला आहे. खांडीतून भरती येत राहिलेल्या शेतात तिवराचे बी वाहून येते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. ज्या तिवरांची रांग बाहेरकाठ्याच्या पुढे खाडीच्या अंगाला उभी राहून लाटांपासून बांध राखते, तीच शेतात शिरली की शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर भाताची आणि प्रत्यक्षात संरक्षित वन अशी दुहेरी होते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाच्या नाशाला राज्यभर मनाई केली आणि केवळ सार्वजनिक हिताच्या अटळ कामापुरता अपवाद ठेवला; किनाऱ्याच्या रक्षणासाठी हा निकाल अत्यंत मोलाचा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की पेण वा रोह्याच्या खाडीकाठी पडलेली खांड पहिल्या-दुसऱ्या वर्षी बुजवणे हे साधे मातीकाम असते, आणि तीच पाच-सात वर्षांनी, निधी हाती आल्यावर बुजवायला घेतली, तर वन विभागाची परवानगी आणि न्यायालयाची अनुमती यांशिवाय तेथे कुदळ मारता येत नाही.