कामगारांच्या राज्यात भिंत कोणाची?

कम्युनिस्ट राजवटीची टिंगल करणारी पोस्टरे म्हटली की आपल्यातल्या काही मार्क्सवादी मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा भांडवलदारांचा खेळ, असे ते म्हणतात. पोलंडचा इतिहास त्यांनी जरूर वाचावा.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांच्या संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना उभी राहिली. वर्षभरात तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. कामगारांचा पक्ष म्हणवणाऱ्या सत्तेला कामगारांचीच स्वतंत्र संघटना सोसवेना. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला.

तिथे साधे पोस्टर छापायलाही सेन्सॉरची परवानगी लागे. उरल्या भिंती. लोक रात्री घोषणा लिहीत आणि पोलीस त्यावर रंग फासत. घोषणा गेली तरी डाग राहायचा, आणि इथे काहीतरी लिहिले होते हे तो डागच ओरडून सांगायचा. ऑगस्ट १९८२ मध्ये व्रोत्सवाफ शहरात वाल्देमार फिद्रिख आणि त्याच्या साथीदाराने या डागांवर टोपीवाले बुटके रंगवायला सुरुवात केली. फिद्रिखने त्याला चक्क विरोधविकासवादाचा आधार दिला: घोषणा हा वाद, पोलिसांचा डाग हा प्रतिवाद, आणि बुटका हा संवाद! राज्यकर्त्यांचे शास्त्र असे त्यांच्याच अंगावर उलटले. बुटक्यावर खटला भरायचा तरी कोणत्या कलमाखाली? १ जून १९८८ रोजी नारिंगी टोप्या घातलेले दहा हजारांहून अधिक लोक याच शहराच्या रस्त्यावर उतरले.

४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी तोमाश सार्नेत्स्की या तरुणाने पोस्टर केले. ‘हाय नून’ या चित्रपटातला गॅरी कूपर चालत येतो आहे. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर संघटनेचा बिल्ला. श्रमिकांच्या संघटनेला नायक अमेरिकन पडद्यावरून आणावा लागला, हे मला खटकते. पण चित्रपटातल्या मार्शलला गाव एकटे सोडते, आणि इथे त्याच्या पाठीशी सॉलिडॅरिटीची लाल अक्षरे उभी आहेत. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा संघटनेने जिंकल्या.

हंगेरीत १९९० च्या निवडणुकीत इश्त्वान ओरोस यांचे पोस्टर गाजले. सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्याची पाठमोरी, जाडजूड मान, आणि रशियन भाषेत दोनच शब्द, ज्यांचा अर्थ ‘कॉम्रेड्स, संपले’. शाळेत रशियन सक्तीची होती, त्यामुळे भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही. सोव्हिएत फौजा जून १९९१ मध्ये निघून गेल्या.

ज्या ग्दान्स्कच्या गोदीतून हे सारे सुरू झाले, ती १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. या वेळी कामगारांसमोर पक्षाचा सचिव नव्हता, बाजार होता. त्याची मान कोणत्या पोस्टरवर काढायची?