तळटीप १४ : अमिगाची फास्ट फाइल सिस्टिम

कमोडोरच्या अमिगा या घरगुती संगणकाची (१९८५) मूळ फाइल सिस्टिम डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या प्रत्येक डेटा-ब्लॉकमधले २४ बाइट नोंदींसाठी राखून ठेवी : ब्लॉक कोणत्या फाइलचा, कितवा, पुढचा ब्लॉक कुठे, शिवाय चेकसम. मजकुराला उरत ४८८. अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.३ आवृत्तीबरोबर (१९८८) आलेल्या फास्ट फाइल सिस्टिमने डेटा-ब्लॉकमधल्या या नोंदी काढून टाकल्या. त्यामुळे सलग ब्लॉक थेट मेमरीत वाचता येऊ लागले आणि हार्ड डिस्कचा वेग बराच वाढला. २.० आवृत्तीत ही सिस्टिम रॉममध्येच आली. मात्र बिघडलेल्या डिस्कवरची फाइल त्या नोंदींच्या आधारे पुन्हा जुळवता येई, ती सोय गेली. म्हणून जुन्या अमिगा डिस्क हाताळणाऱ्यांनी आधी संपूर्ण डिस्कची इमेज काढून ठेवावी, मगच दुरुस्तीला हात घालावा. – संपा.