एक-चार-शून्य : चरखी दादरी आणि आकाशातील इंग्रजी

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ हे १४,००० फुटांवर होते. चिमकेंटहून दिल्लीकडे येणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ ला १५,००० फुटांची उंची नेमून दिली होती. त्या काळी दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तेवढीच नियंत्रकाला कळे.

समोरून विमान येत आहे, अंतर चौदा मैल, अशी सूचना नियंत्रकाने कझाक विमानाला दिली. किती मैल, असा प्रतिप्रश्न आला. चौदा. थोड्याच वेळाने पुन्हा सूचना : आता आठ मैल, पातळी एक-चार-शून्य. ही उंची समोरच्या विमानाची होती. काही क्षणांतच हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले होते, असे लाहोटी आयोगाच्या चौकशीत दिसून आले. वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीचाही तेथे विचार झाला. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान हाकणारे वेगळे. ऐकलेला आकडा माहिती आहे की आज्ञा, हा भेद अशा वेळी जीवघेणा ठरतो.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेचा प्रश्न हाती घेतला. २००३ मध्ये नियम आले : आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी संबंधित नियंत्रक आणि वैमानिक या दोघांनाही सहा पातळ्यांपैकी किमान चौथी आवश्यक. मुदत मार्च २००८ ची होती. अनेक देशांची तयारी नसल्याने ती २०११ पर्यंत लांबली.

नियंत्रक ठरावीक वाक्ये प्रशिक्षणात घोकतोच. उच्चारही बांधलेले : गोंधळ टाळण्यासाठी नऊला ‘नायनर’. परंतु केबिनमध्ये धूर आहे, प्रवासी अत्यवस्थ आहे, अशा वेळी पाठांतर अपुरे पडते आणि साधी, बोलती इंग्रजी लागते. परीक्षा मुख्यतः तिचीच. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद या सहांत जी पातळी सर्वांत खालची, तोच निकाल. हे कठोर वाटेल, पण मला रास्त वाटते. पाच अंगांनी उत्तम असलेल्या माणसाचा एखादा आकडा चुकीचा ऐकला गेला तरी तेवढे पुरते.

न वापरलेली भाषा गंजते, म्हणून चौथ्या पातळीच्या व्यक्तीची दर तीन वर्षांनी आणि पाचवीच्या व्यक्तीची सहा वर्षांनी फेरपरीक्षा घ्यावी, अशी शिफारस आहे. सहावीला ती नाही. आपले बोलणे जगभरच्या वैमानिकांना कळेल असे ठेवण्याची अट मात्र सर्वांनाच आहे, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्यालाही.