खवले, तांदूळ आणि मलिदा

इतिहास म्हटला की शिलालेख, ताम्रपट आणि जुनी दफ्तरे डोळ्यांपुढे येतात. आम्हां बेने इस्राएलांपाशी अशी साधने फार थोडी. आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. उरले ते सुंता, शब्बाथ, शेमा आणि आहाराचे नियम. म्हणून आपल्या इतिहासाचे पहिले पान स्वयंपाकघरात उघडते.

डेव्हिड राहबींची कथा वाचकांनी लहानपणीच ऐकली असेल. कोकणातले हे शनिवार तेली यहुदीच आहेत की काय, हे पाहण्यासाठी राहबींनी घरातल्या बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी निवडून घेतली व बाकीची दूर सारली. राहबी कोणत्या शतकात आले, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कथेचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या दारावर येतात, तेथे त्या नाकारणे ही रोजचीच परीक्षा होती. ती परीक्षा आमच्या आज्या-पणज्यांनी पुस्तकावाचून दिली.

सणांचेही तसेच. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला आपल्या समाजाचा इतिहास चाळला, तर जुन्या सणांची नावे भेटतात: खिरीचा सण, बिरड्याचा सण, आनशी ढाकाचा सण. आनशी म्हणजे कालवणात घालायचे आंबट पाणी. त्याचे भांडे आठ दिवस झाकून ठेवीत. पेसाख हे नाव कोकणात विसरले गेले, पण आंबट झाकायचे कोणी विसरले नाही! नारळाच्या दुधाची गोष्टही तशीच. मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात आणि वरचा गोड पदार्थही त्याच दुधात. कोकणात हे इतके सवयीचे झाले होते, की त्यामागचा नियम कोणाला सांगावा लागत नसे.

अठराव्या शतकात आपली माणसे मुंबईस येऊ लागली. १७९६ साली शमुवेल दिवेकरांनी मांडवीस पहिले सिनेगॉग बांधले. पुढे हिब्रू शिक्षण आले, मराठीत छापलेली प्रार्थनापुस्तके आली, आणि सणांना त्यांची हिब्रू नावे परत मिळाली. हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर शहरातल्या काही शिकलेल्या मंडळींना गावाकडच्या चालींचा संकोचही वाटू लागला. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि फळे यांचे ते ताट पाहून परका माणूस मलिद्याला प्रसाद समजेल, अशी धास्ती! कोकणात मात्र मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबींचा नवस. अलिबागजवळच्या खंडाळ्यास खडकावर त्यांच्या रथाची खूण दाखवतात, आणि तेथे जाणाऱ्याला संकोच शिवत नाही.

मग आपण इस्राएलास आलो. येथे प्रश्न ताटापुरता राहिला नाही. १९६२ साली येथील धर्माधिकाऱ्यांनी आमच्या लग्नांपूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करण्याचे ठरविले. राहबींनी मासळीवरून ओळखलेले लोक पुन्हा एकदा परीक्षेला बसविले गेले. समाजाने जेरुसलेमेत धरणे धरले, आणि १९६४ साली त्या आदेशातून आमचे नाव वगळले गेले.

तांदळाचा वाद त्या मानाने लहान, पण घरोघरचा. अश्केनाझी घरांत पेसाखमध्ये तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य मानतात. सेफारदी घरांत पुष्कळ ठिकाणी तांदूळ तीनदा निवडून शिजवतात. कोकणचा माणूस भाताशिवाय कसा राहणार? आपण दुसऱ्या पंगतीतले. सूनबाई अश्केनाझी घरातली असली म्हणजे सासूबाईंच्या भाताकडे साशंकपणे पाहिले जाते. तेव्हा सासूबाईंनी वाद घालू नये आणि लाजूही नये. तांदूळ म्हणजे हमेत्स नव्हे. दोन्ही घरांच्या चाली आपापल्या जागी जुन्या आहेत, एवढे सांगावे.

आणि मलिदा? मुंबईत ज्याचा कोणाला संकोच वाटे, तोच इकडे आमची ओळख झाला आहे. लग्नाआधी आणि तू बिश्वातला तो उघडपणे होतो, आणि शेजारच्या मोरोक्कन बाईही ताटातले खजूर हौसेने उचलतात. पदार्थ तोच आहे. गाव बदलले तशी त्याकडे पाहण्याची नजर बदलली.

म्हणून आमचे इतकेच मागणे: येत्या तू बिश्वातला पोहे भिजवताना नातवंडांना जवळ बसवावे आणि त्या मासळीची गोष्ट सांगावी. हिब्रूत सांगितली तरी चालेल.